बाबांच्या हँडीकॅमची बॅटरी चार मिनिटांत बंद पडते

प्रश्न: नमस्कार दादा, सांगलीहून लिहितेय. आमच्याकडे दोन जुने सोनी हँडीकॅम आहेत. पहिला माझ्या दिरांनी १९९४ ला मस्कतहून आणलेला, दुसरा डिजिटल८ वाला (टेपवरच पण डिजिटल शूट करणारा), तो मिस्टरांनी २००० मध्ये घेतला. मिस्टर जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून दोन्ही माळ्यावरच होते. आता मार्गशीर्षात लेकीचं लग्न आहे आणि तिचा एकच हट्ट, ज्या कॅमेऱ्यावर बाबांनी माझं बारसं शूट केलं त्याच कॅमेऱ्यावर माझ्या लग्नातलं थोडं तरी शूट झालं पाहिजे. कॅमेरा चालू होतोय पण बॅटरी रात्रभर चार्ज करूनही चार मिनिटांत बंद. दुसऱ्या कॅमेऱ्याची बॅटरी तर चार्जच घेत नाही, नुसता दिवा लुकलुकतो. पुतण्या म्हणतो फ्रीजरमध्ये ठेव, त्याचा मित्र म्हणतो गाडीच्या बॅटरीने शॉक दे, दुकानदार म्हणाला फेकून द्या. पहिल्या बॅटरीवर ६ व्होल्ट, निकेल कॅडमियम असं लिहिलंय, दुसरीवर ७.२ व्होल्ट, लिथियम आयन. गेलेली ताकद परत आणता येते का हो? आणि बारशाची टेपही बघायची आहे.

उत्तर:

ताई, आधी एक काम करा, पुतण्याला सांगा की शॉक वगैरे काही द्यायचा नाही. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तुम्ही दोन्ही बॅटऱ्यांवर काय लिहिलंय ते वाचून कळवलंत, लोक नुसतं बॅटरी उतरते एवढंच लिहितात आणि मग सल्ला द्यायचा कसा तेच कळत नाही. कारण या दोन बॅटऱ्या दिसायला सारख्या असल्या तरी आतून अगदी वेगळ्या आहेत. निकेल कॅडमियमची गेलेली ताकद बऱ्याचदा खरोखर परत येते, पूर्ण नाही पण कामापुरती. लिथियमची गेलेली ताकद परत येत नाही, जी आली असं वाटतं ती मुळात गेलेलीच नसते. म्हणजे गंमत अशी की तुमची जी जास्त जुनी बॅटरी आहे तिच्यातच जास्त आशा आहे, आणि लेकीला नेमका तोच कॅमेरा हवाय, त्यामुळे मी खरंच मनापासून लिहितोय हे उत्तर.

मी स्वतः नव्वदच्या दशकात कोल्हापूर भागात लग्नाचं शूटिंग करायचो, याच ६ व्होल्टच्या बॅटऱ्या वापरल्यात. एका लग्नाला पाच-सहा बॅटऱ्या लागायच्या. आमची सवय अशी होती की पंगत बसली की अर्ध्या वापरलेल्या सगळ्या बॅटऱ्या चार्जरला लावायच्या, म्हणजे संध्याकाळच्या वरातीला परत फुल. वर्षभरात सगळ्या बॅटऱ्या दहा-पंधरा मिनिटांवर आल्या. एका लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना, शेवटच्या सावधानच्या आधी बॅटरी गेली आणि दुसरी घालेपर्यंत अंतरपाट निघाला होता. त्या मुलीच्या वडिलांचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. त्यानंतर एका वयस्कर कॅमेरामननी मला सायकलच्या बल्बची युक्ती शिकवली, तीच तुम्हाला सांगणार आहे.

पण ती करायच्या आधी बॅटरीत काय बिघडतं ते थोडं समजून घ्या म्हणजे करताना भीती वाटणार नाही. तुमच्या ६ व्होल्टच्या पॅकमध्ये पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात, प्रत्येकी १.२ व्होल्ट. आत कॅडमियमचे अगदी बारीक कण असतात, साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. बॅटरी नेहमी अर्धवट वापरून परत चार्ज केली, किंवा चार्जरवर दिवसेंदिवस लावून ठेवली, किंवा वर्षानुवर्षं पडून राहिली की हे कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, पन्नास-शंभर मायक्रॉनपर्यंत सुद्धा. खडीसाखरेचा मोठा खडा पाण्यात विरघळायला वेळ लागतो आणि पिठीसाखर लगेच विरघळते ना, तसंच आहे हे. माल तेवढाच आहे पण काम करायला पृष्ठभाग कमी. मग लोड आला की व्होल्टेज पटकन खाली बसतं आणि कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली. लोक याला मेमरी इफेक्ट म्हणतात. बॅटरी शेवटपर्यंत, पण प्रमाणात, रिकामी करून परत हळूहळू भरली, असं दोन-चार वेळा केलं, की हे मोठे कण बरेचसे मोडतात. याचंच नाव त्या काळी रिफ्रेश. काही चार्जरवर डिस्चार्ज किंवा रिफ्रेश असं बटणच असायचं, तुमच्या चार्जरवर आहे का बघा, असेल तर अर्धं काम तिथेच झालं.

बटण नसेल तर आता पहिली पायरी, बॅटरी नीट बघणं. पत्र्याच्या पट्ट्यांपाशी किंवा जोडाच्या फटीत पांढरी पावडर जमलीय का? असेल तर आतला क्षार बाहेर आलाय. हातमोजे घाला, कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, मग पूर्ण कोरडं. पावडर थोडी असेल तर पुढे जायला हरकत नाही, भरपूर असेल किंवा बॅटरी फुगली असेल तर तिचा नाद सोडा. पावडर नसेल तर पट्ट्या शाळेच्या खोडरबराने घासा. हे साधं वाटतं पण कॅमेरा, बॅटरी आणि चार्जर तिन्हीचे काँटॅक्ट घासा, वर्षानुवर्षं माळ्यावर राहिलेल्या पितळेवर जो थर बसतो त्यातच व्होल्टेज खाल्लं जातं आणि मी अशा बॅटऱ्या बघितल्यात ज्यांना बाकी काही झालंच नव्हतं.

दुसरी पायरी मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र. पुतण्या इंजिनिअरिंगला असेल तर त्याच्याकडे असेलच, नाहीतर इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन-चारशेचा साधा मिळतो. बॅटरी रात्रभर चार्ज करा, काढून तासभर तशीच ठेवा, मग मोजा. साडेसहा किंवा त्याच्या वर आलं तर पाचही सेल जिवंत आहेत. साडेपाच किंवा त्याखाली आलं तर एक सेल आतून शॉर्ट झालाय. असा सेल असलेला पॅक कितीही डिस्चार्ज-चार्ज करा सुधारणार नाही. मित्राचा तो शॉकचा सल्ला मुळात याच सेलसाठी असतो, आत सुईसारखे जे कण वाढून दोन्ही बाजू जोडतात ते मोठा करंट सोडून जाळायचे. जळतात कधी कधी, खोटं नाही. पण जिथून तो कण वाढला तिथला पडदा फाटलेलाच असतो, चार-आठ दिवसांत परत तेच. आणि गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर देऊ शकते, ताई, पॅक फुटला तर तोंडावर क्षार उडतो. आणि चुकून हाच प्रयोग लिथियमवर केला तर आग. म्हणून पहिलंच वाक्य तसं लिहिलं.

आता साडेसहाच्या वर आलंय असं धरून चालू. सायकलच्या दुकानातून डायनामोचा बल्ब आणा, ६ व्होल्ट २.४ वॉटचा. होल्डरसकट मिळाला तर उत्तम. दोन वायरी, पॅकच्या प्लस आणि मायनसला. बल्ब साधारण ०.४ अँपिअर ओढतो. पॅकवर एमएएच, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो तो आकडा, लिहिलं असेल ते बघा, छोट्या पॅकवर १००० असतं, म्हणजे नवी बॅटरी हा बल्ब अडीच तास पेटवेल. घड्याळ लावून बसा आणि मल्टिमीटर लावलेलाच ठेवा. बल्ब पेटलेला असताना व्होल्टेज ५.० वर आलं की लगेच वायर काढा. ही वेळ वहीत लिहा. वीस मिनिटं चालला तर बॅटरीत सव्वाशे-दीडशे एमएएचच उरलेत, तुमच्या चार मिनिटांच्या हिशोबाने पहिल्यांदा असंच काहीतरी येईल, घाबरू नका.

पाच व्होल्टच का, हे महत्त्वाचं आहे. पाच सेल, प्रत्येकी एक व्होल्ट. त्याच्या खाली गेलं की पाचातला जो सगळ्यात अशक्त सेल आहे तो पूर्ण रिकामा होतो आणि बाकीचे चार त्याच्यातून उलटा करंट ढकलायला लागतात, तो सेल उलटा होतो आणि कायमचा जातो. मी एकदा बल्ब लावून झोपलो, रात्रभर तसाच राहिला, सकाळी चांगली सुधारत आलेली बॅटरी गेली. त्या वेळची हजार-बाराशेची वस्तू. तेव्हा बल्ब लावला की तिथेच बसायचं, गवार निवडा, वर्तमानपत्र वाचा, पण उठायचं नाही.

मग तासभर थंड होऊ द्या आणि चार्ज करा, पण शक्यतो हळू. या बॅटरीला सगळ्यात मानवणारा चार्ज म्हणजे तिच्या क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट, १००० एमएएचला १०० मिलिअँपिअर, चौदा ते सोळा तास. हळू चार्जमध्ये पाचही सेल एका पातळीला येतात, फास्ट चार्जरमध्ये जो आधी भरतो तो तापतो आणि चार्जर बंद होतो, बाकीचे अर्धवट. पण तसा चार्जर सगळ्यांकडे नसतो, पुतण्याकडून करून घेता आला तर बघा, नाहीतर तुमच्याच चार्जरवर करा, फक्त बॅटरी हाताला चटका बसेल इतकी तापली तर काढा. आणि भरली की चार्जरवर पडू देऊ नका.

परत बल्ब, परत वेळ लिहा. असे तीन फेरे करा. दुसऱ्या फेऱ्याला वेळ वाढली, वीसची पस्तीस झाली, तिसऱ्याला पन्नास झाली, तर बॅटरी येतेय, अजून एक-दोन फेरे करा. तिसऱ्या फेऱ्यालाही वीसच मिनिटं असेल तर आत ओल सुकलीय, ती कशानेच परत येत नाही, उगाच दहा-दहा फेरे करून चांगले सेल सुद्धा झिजवू नका. माझा अंदाज विचाराल तर तीस वर्षांच्या पॅकमधून नव्याच्या अर्ध्यापर्यंत आलं तरी खूप झालं. पण तुम्हाला लग्नात किती हवंय? सप्तपदी, सूनमुख, पाठवणी, मिळून वीस-पंचवीस मिनिटं. अर्धी बॅटरी पुरेल.

आणि एक, ही बॅटरी घरात पडून स्वतःहून उतरते. चार्ज केल्यावर पहिल्याच दिवशी दहा टक्क्यांच्या आसपास जाते, नंतर महिन्याला साधारण तेवढीच. म्हणून लग्नाच्या आदल्या रात्री चार्ज करायची, आठवडाभर आधी करून पेटीत ठेवायची नाही. हळदीच्या गडबडीत हे काम कोणा एकाच्या नावावर लावून द्या.

फ्रीजरचं सांगायचं राहिलं. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंद होते, म्हणजे बॅटरी ठेवायची असेल तर थंड जागा चांगली हे खरं आहे, पण गेलेली ताकद थंडीने परत येत नाही. उलट फ्रीजरमधून काढल्यावर तिच्यावर घाम येतो, काँटॅक्ट गंजतात. आणि लिथियमची बॅटरी शून्याच्या खाली असताना चार्जला लावली तर आत धातूचं लिथियम जमतं, ते धोक्याचं आहे. तेव्हा फ्रीजरमध्ये मटारच बरे.

समजा बॅटरी सुधारलीच नाही, तरी लेकीला नाही म्हणायची वेळ येणार नाही. तुमच्या कॅमेऱ्याला ६ व्होल्ट पाहिजेत एवढंच, ते याच बॅटरीतून आले पाहिजेत असं काही नाही. पेन्सिल सेलच्या मापाचे चांगल्या कंपनीचे रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या, एनेलूपसारखे, जे पडून राहिले तरी लवकर उतरत नाहीत, असे सेल २००५ पासून मिळायला लागलेत. पाच सेल एका होल्डरमध्ये लावले की पाच गुणिले १.२, बरोबर ६ व्होल्ट. अशा कॅमेऱ्याला साधारण ६-७ वॉट लागतात, म्हणजे एक अँपिअरच्या थोडं वर, नेमका आकडा कॅमेऱ्याच्या खाली स्टिकरवर असतो. २००० एमएएचचे सेल असतील तर तास-सव्वा तास आरामात. जुन्या मेलेल्या पॅकचं कव्हर रिकामं करून त्याच्या पट्ट्यांना या होल्डरच्या वायरी जोडून द्यायचं काम कुठलाही टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाला अर्ध्या तासात करेल, फक्त वायरी जाड घ्यायला सांगा, बारीक वायर आणि ढिल्या स्प्रिंगमध्येच व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा परत चार मिनिटांत बंद. प्लस-मायनस दोनदा तपासा. सेल मात्र त्यांच्या स्वतःच्या चार्जरवर चार्ज करा, हँडीकॅमच्या जुन्या चार्जरवर नाही. तो चार्जर निकेल कॅडमियमसाठी बनवलाय, बॅटरी भरली की व्होल्टेज किंचित खाली येतं ते बघून तो थांबतो, आणि मेटल हायड्राइडमध्ये हा उतार इतका कमी असतो की चार्जरला कळत नाही आणि सेल तापत राहतात.

मला विचाराल तर मी दोन्ही करीन. जुना पॅक सुधारून घ्यायचा, आणि होल्डर पिशवीत तयार ठेवायचा.

आता दुसरी बॅटरी, लिथियमची. इथे मला तुम्हाला खोटी आशा दाखवायची नाही.

लिथियम आयन बॅटरी सोनीनेच १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली आणि हँडीकॅम हे तिचं अगदी सुरुवातीचं घर. ही बनवणाऱ्यांच्या मूळ संशोधनाला २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना. हिला मेमरीचा त्रास नाही, त्यामुळे तो बल्बचा उपाय हिला लागू नाही, उलट मारक आहे. हिची ताकद जाते ती वेगळ्या कारणाने. आतल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर तयार होतो आणि वाढत राहतो, गिझरच्या कॉइलवर बोअरच्या पाण्याचा क्षार चढतो तसा, आणि हा थर बनायला बॅटरीतलंच लिथियम खर्च होतं. खर्च झालेलं लिथियम परत येत नाही. उष्णता आणि फुल चार्ज या दोन गोष्टी मिळाल्या की हा थर झपाट्याने वाढतो. चाळीस टक्के चार्ज करून २५ डिग्रीला वर्षभर ठेवली तर ९६ टक्के ताकद उरते, पण फुल चार्ज करून ४० डिग्रीला ठेवली तर ६५ टक्केच. सांगलीतला एप्रिल-मेमधला माळा आठवा, पत्र्याखाली असेल तर चाळीसच्या वरच.

मग लोक जे सांगतात की आमची लिथियम बॅटरी सुधारली, ते काय असतं? बऱ्याचदा मीटर सुधारलेला असतो. सोनीच्या या बॅटऱ्यांमध्ये एक छोटी चिप असते, ती स्क्रीनवर किती मिनिटं उरली ते दाखवते. पडून राहिल्यावर तिचा हिशोब चुकतो, दहा मिनिटं दाखवते आणि बंद पडते किंवा उलट. अशा वेळी एकदा पूर्ण चार्ज करून कॅमेरा आपोआप बंद होईपर्यंत वापरायची आणि परत एकदम पूर्ण चार्ज, म्हणजे आकडा जागेवर येतो. ताकद तेवढीच असते, आपल्याला खरी कळते एवढंच. दुसरं कारण काँटॅक्ट, ते वर सांगितलंच.

तुमची मात्र चार्जच घेत नाही, दिवा लुकलुकतो, म्हणजे तिसरा प्रकार. इतक्या वर्षांत बॅटरी थेंब थेंब उतरून प्रत्येक सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला असणार, तिथे आतलं संरक्षण सर्किट बॅटरी बंद करून टाकतं. अशा बॅटरीला बाहेरून ढकलून जागं करणारे चार्जर मिळतात, आणि दोन-चार दिवसांपूर्वी उतरलेली असेल तर ते ठीकही आहे. पण वर्षानुवर्षं खोल उतरून पडलेल्या सेलमध्ये आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना भलतीकडे जाऊन बसतं, तिथे आतल्या आत शॉर्ट होतो. लगेच होईल असं नाही, महिन्याने रात्री चार्जला लावलेली असताना होऊ शकतं. म्हणून ही बॅटरी जागी करायच्या फंदात पडू नका. इथे दुकानदार बरोबर बोलला, फक्त फेकायची कचऱ्यात नाही, दोन्ही प्रकारच्या बॅटऱ्या ई-कचऱ्यात द्यायच्या, कॅडमियम तर विषारीच आहे. आपल्याकडे २०२२ पासून बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत, बॅटरी बनवणाऱ्यांवर त्या परत गोळा करायची जबाबदारी आहे. देताना टोकांना चिकटपट्टी लावा.

नवी मात्र सहज मिळते, आणि याचं कारण मला फार आवडतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून तुमची बॅटरी एनपी-एफ मालिकेतली दिसतेय, ५५० च्या मापाची. टेपवाले हँडीकॅम कधीच बंद झाले, पण हीच बॅटरी आजच्या एलईडी लाइटना आणि छोट्या मॉनिटरना लागते, लग्नाचे सगळे फोटोग्राफर आजही पिशवीत चार-सहा घेऊन फिरतात. लेकीच्या लग्नाला जो व्हिडिओवाला येईल त्याच्याकडे सुद्धा असेल, एखादी लावून बघा म्हणावं. विकत घेताना मात्र एमएएचच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ५५० च्या मापात दोनच सेल असतात, १८६५० नावाचे, एकामागे एक जोडलेले, त्यामुळे व्होल्टेज दुप्पट होतं पण एमएएच एकाच सेलचे धरायचे. असा एक चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास, बहुतेक दोन ते अडीच हजार. तेव्हा त्या मापाच्या बॅटरीवर पाच-सहा हजार लिहिलं असेल तर ते खोटं आहे, सरळ परत ठेवा. हातात वजन करून बघा, एक सेल पंचेचाळीस-अठ्ठेचाळीस ग्रॅमचा असतो, म्हणजे पॅक शंभर ग्रॅमच्या जवळपास भरायला हवा, पिसासारखा हलका लागला तर आत काय आहे देव जाणे. आणि नवी आणली की अर्धी चार्ज करून घरातल्या थंड कपाटात, माळ्यावर नाही.

राहिली बारशाची टेप, आणि ताई, हे मी शेवटी लिहितोय पण तुम्ही हे सगळ्यात आधी करा. टेप बघायला बॅटरी लागतच नाही. तुमच्या ९४ च्या कॅमेऱ्याचा चार्जर हाच बहुतेक अॅडॉप्टर पण आहे, त्याच्यावर एक छोटा सरकवायचा स्विच बघा, एका बाजूला चार्ज आणि दुसऱ्या बाजूला व्हीटीआर (म्हणजे टेप बघणं) किंवा कॅमेरा असं असेल. त्याबरोबर बॅटरीच्याच आकाराची एक चपटी प्लेट आणि वायर यायची, ती बॅटरीच्या जागी बसते. माळ्यावरच्या त्याच खोक्यात शोधा, लोक ती प्लेट काय आहे न कळून टाकून देतात. २००० च्या कॅमेऱ्याला तर अॅडॉप्टरची पिन थेट लागते, ८.४ व्होल्टची. ती हरवली असेल तर वायफायच्या डब्याचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर पिन बसते म्हणून लावू नका, कॅमेरा जाईल.

आणि टेप घालायच्या आधी टेपच्या खिडकीतून उजेडात बघा. रिळाच्या कडेला पांढरट जाळी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे, आपल्या पावसाळ्यात माळ्यावरच्या टेपांना लागतेच. तशी टेप घातली तर हेड, म्हणजे कॅमेऱ्यातला टेप वाचणारा भाग, खराब होतं आणि तेच हेड पुढच्या चांगल्या टेपला बुरशी लावतं. अशी असेल तर टेप डिजिटल करून देणाऱ्या माणसाकडे न वाजवताच द्या. स्वच्छ असेल तर सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवा, मग आधी एखादी बिनकामाची टेप घालून कॅमेरा टेप चावत नाही ना ते बघा, मग बारशाची टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा, आणि मग प्ले. पहिल्यांदा प्ले करतानाच रेकॉर्डिंग लावून ठेवा, लॅपटॉपला लावायची पिवळ्या-पांढऱ्या पिनांची यूएसबी वस्तू मिळते, कारण तीस वर्षांची टेप दुसऱ्यांदा चालेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. बऱ्याच डिजिटल८ कॅमेऱ्यांवर जुन्या ८ एमएमच्या टेपाही चालतात, तुमच्याही चालत असतील तर त्यावरच करा, चित्र जास्त स्थिर येतं. नव्वदच्या सुरुवातीच्या कॅमेऱ्यांमधले छोटे कपॅसिटर गळतात, त्यामुळे चित्रात रेषा किंवा आवाज गायब असं झालं तर टेप खराब समजू नका, आधी कॅमेरा दुरुस्तीवाल्याला दाखवा.

अॅडॉप्टर सापडला की अजून एक छोटं काम. जुन्या कॅमेऱ्यात तारीख-वेळ धरून ठेवणारा एक बारका सेल असतो, काहींमध्ये बटणासारखा, बदलता येणारा, आणि काहींमध्ये आतच बसवलेला रिचार्जेबल. दुसऱ्या प्रकारचा असेल तर कॅमेरा बंद ठेवून अॅडॉप्टरला दिवसभर लावून ठेवा, तो भरतो. मग तारीख लावा. लग्नाच्या शूटिंगवर कोपऱ्यात तारीख उमटेल, बारशाच्या टेपवर उमटलीय तशीच, त्याच अक्षरात.

बल्बच्या तीन फेऱ्यांच्या वेळा मला नक्की कळवा, पुढे फेरे करायचे का थांबायचं ते त्यावरून सांगतो. मार्गशीर्षाला वेळ आहे पण फार नाही, एका फेऱ्याला दोन दिवस धरा आणि या रविवारी सुरुवात करा.